भुलेत नेमकं काय तुटतं?

खानापूर तालुक्यातल्या एका सरांनी विचारलं आहे. त्यांच्या आईचं बेळगावात पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. घरी आल्यावर आई म्हणाली, "डोळं मिटलं आणि उघडलं, मधलं काईच न्हाई बघ. झोपेत निदान रात्र गेल्याचं तरी कळतं." सरांच्या वाचनात आलं होतं की मेंदू निरनिराळी माहिती एकत्र गुंफतो आणि त्यातून जाणीव होते. त्यांचा प्रश्न असा: त्या दीड तासात आईच्या मेंदूतली ही गुंफण थांबली होती का? आणि माहिती एकत्र करणं म्हणजेच जाणीव, असं असेल तर मोबाइललाही ती असायला हवी ना?

सर, मी भूलतज्ज्ञ आहे. सत्तावीस वर्षं बेळगावात रोज माणसांची शुद्ध घालवते आणि परत आणते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागावर मी खात्रीने बोलू शकते. दुसऱ्या अर्ध्यावर जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, तिथे माझं मत सांगेन.

आधी टेबलाजवळ काय घडतं ते बघा. प्रोपोफॉल हे औषध दुधासारखं पांढरं असतं. शिरेतून जाताना हात चुरचुरतो, म्हणून मी पेशंटला बोलतं ठेवते. मागे जांबोटीकडच्या एक मावशी होत्या. भात कसा आहे विचारलं तर म्हणाल्या, "औंदा गव्यांनी लई तरास दिलाय बघा, सगळं शिवार..." आणि वाक्य तिथेच राहिलं. आवाज हळू होत गेला असं नाही, शब्द जड झाले असंही नाही. पुढचा शब्द आलाच नाही. मी बोटाने पापणीच्या केसांना स्पर्श केला, पापणी लवली नाही. औषध सुरू केल्यापासून मिनिटही झालं नव्हतं. हृदय चालू, रक्तदाब थोडा खाली, आणि कपाळावर लावलेल्या पट्टीतून येणाऱ्या मेंदूच्या लहरी पडद्यावर आधीपेक्षा मोठ्या दिसत होत्या.

या मोठ्या लहरींवर जरा थांबायला हवं. बहुतेकांना वाटतं, भूल म्हणजे मेंदू बंद करणं, घरातला मेन स्विच पाडल्यासारखं. तसं नसतं. मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूला धक्का लागत नाही ना हे बघण्यासाठी घोट्याजवळच्या नसेला विजेचे बारीक झटके देतात आणि डोक्याला लावलेल्या तारांवर ते मेंदूपर्यंत पोचतात का ते तपासतात. पेशंट पूर्ण भुलेत असतो, तरी झटका पायातून निघून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत येतो. आम्ही तो आलेख बघूनच सर्जनना "चालू द्या" म्हणतो. म्हणजे निरोप पोचतो, पण तो ज्याच्यासाठी आहे ते माणूस तिथे नसतं.

ह्यूबेल आणि वीझेल या दोन मेंदूशास्त्रज्ञांचं काम याच जातीचं. डोळ्यासमोरच्या रेषेच्या तिरकेपणानुसार मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशी जाग्या होतात, हे त्यांनी भूल दिलेल्या मांजरांवर शोधून काढलं. मांजर बेशुद्ध, पण रेष ओळखणारी पेशी आपलं काम चोख करतेय. 1981 चं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच वर्षीच्या बक्षिसाचा दुसरा अर्धा भाग रॉजर स्पेरीना. अपस्मारावरचा उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला सुमारे 20 कोटी तंतूंचा पूल कापला होता, अशा माणसांचा अभ्यास स्पेरींनी केला. अशा माणसाच्या नजरेच्या डाव्या बाजूला एखाद्या वस्तूचं नाव क्षणभर दाखवलं तर तो सांगतो, "मला काही दिसलं नाही." पण त्याचा डावा हात मात्र पडद्यामागे चाचपून बरोबर तीच वस्तू उचलतो. बघणारा अर्धा आणि बोलणारा अर्धा यांची गाठच पडत नव्हती. एकाच वर्षीचं बक्षीस आणि त्यात दोन्ही गोष्टी: सुटे भाग शुद्धीशिवायही चालतात, आणि जोड तुटली की कळणंही वेगवेगळं होतं.

मग भुलेत काय तुटतं? प्रोपोफॉलच्या अमलात मेंदूत अगदी मंद लहर उठते, सेकंदाला एकीपेक्षाही कमी. त्या लहरीबरोबर पेशींचे गट काही काळ गप्प होतात, मग थोडं बोलतात, पुन्हा गप्प होतात. शेजारच्या पेशी एका वेळी बोलतात, पण लांबच्या गटांच्या वेळा जुळत नाहीत. इकडचा गट बोलायला उठतो तेव्हा तिकडचा झोपलेला असतो. तुमच्या आईच्या मेंदूत त्या दीड तासात ऐकणारा भाग, स्पर्शाचा भाग, आठवणीचा भाग सगळे जिवंत होते, अधूनमधून काम करत होते. एकमेकांशी दमदार, लांब पल्ल्याचं बोलणं तेवढं बंद पडलं होतं.

हे मोजूनही बघितलंय. इटलीचे मेंदूशास्त्रज्ञ मास्सिमीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती केली. डोक्याला न कापता, बाहेरून चुंबकाचा एक ठोका मेंदूच्या एका जागी द्यायचा आणि त्याचे पडसाद डोक्यावरच्या तारांनी टिपायचे. माणूस जागा असताना त्या ठोक्याने उठलेली हालचाल इथून तिथे, तिथून पलीकडे अशी फिरत राहते, आणि प्रत्येक भाग आपल्या परीने वेगळं उत्तर देतो. गाढ झोपेत तोच ठोका दिला तर सुरुवातीचा आवाज उलट जास्त मोठा येतो, पण जागच्या जागी विरतो. हे 2005 साली प्रसिद्ध झालं. 2013 मध्ये त्यांनी त्या पडसादांची गुंतागुंत एका आकड्यात बसवली. संगणकावर फाइल जशी दाबून लहान करतात तशी ती नोंद दाबायची. जितकी कमी दबेल तितके पडसाद गुंतागुंतीचे. आकडा 0 ते 1 मधला, आणि पुढे जास्त लोकांवर तपासल्यावर शुद्ध आणि बेशुद्ध यांच्यातली रेघ 0.31 वर पडली.

आता "एकत्र करणं" या शब्दाकडे येऊ, कारण तुमचा मोबाइलचा प्रश्न तिथेच अडकला आहे.

वडगावचे एक विणकर माझ्याकडे हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. आदल्या दिवशी तपासणीच्या वेळी बोलता बोलता त्यांनी मला पदराचं काम समजावलं. नुसता सुताचा ढीग असला तर धागे हजार, पण कापड नाही. सगळे धागे एकदम वर, एकदम खाली केले तरी त्यात काही विणलं जात नाही. पदरावर कोयरी उठवायची तर प्रत्येक आडव्या फेऱ्याला कुठले उभे धागे वर आणि कुठले खाली हे वेगळं ठरावं लागतं, आणि तरी प्रत्येक धागा शेजारच्याशी बांधलेला राहावा लागतो. मला त्यांच्या या बोलण्यात माझा धंदा दिसला. शुद्धीला या दोन्ही गोष्टी लागतात, बांधलेपण आणि वेगळेपण. भुलेत बांधलेपण जातं, सुताचा ढीग उरतो. फिट येते तेव्हा याच्या उलट होतं. मोठ्या फिटमध्ये मेंदूच्या पेशी कधी नव्हे इतक्या जोरात, सगळ्या एका ठेक्यात पेटतात. एकत्र येणं म्हणजेच जाणीव असती, तर फिटच्या क्षणी माणूस सगळ्यात जास्त शुद्धीवर असायला हवा होता. तो तर बेशुद्ध पडतो. सगळे धागे एकदम वर, एकदम खाली.

नुसत्या पेशींच्या संख्येनेही काही होत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत, त्यातल्या जवळजवळ 69 अब्ज मागच्या लहान मेंदूत. वरच्या सुरकुत्यांच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, फक्त 16 अब्ज. चिकोडीकडचे एक गृहस्थ लहान मेंदूला रक्तपुरवठा कमी पडल्याने आले होते. झोकांड्या जात होत्या, जीभ अडखळत होती. घरच्यांना वाटलं घेऊन आलेत. ते मात्र एकेक शब्द जुळवत सांगत होते, "मी घेतली नाही हो, सकाळी उठल्यापासून असं होतंय." तारीख बरोबर, पत्ता बरोबर, आपल्याला काय होतंय याचं पूर्ण भान. जन्मापासून लहान मेंदूच नसलेली माणसंही वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि ती शुद्धीवर असतात. कारण लहान मेंदूची रचनाच तशी आहे. सारख्या सारख्या पट्ट्या शेजारी शेजारी, प्रत्येकीचं काम आपापलं, एकीचं दुसरीशी फारसं बोलणं नाही. बहुतेक पेशी तिथे, पण कोयरी मात्र वर विणली जाते.

इथवर मी ज्याला "शुद्ध" म्हणत आले, त्याच्याबद्दल आपल्या भाषेत एकाहून जास्त शब्द आहेत हे फार उपयोगाचं आहे. शुद्ध हरपणं वेगळं, भान हरपणं वेगळं. भजनात रंगलेल्या माणसाचं भान हरपतं, पण जाणीव उलट भरून येते. आमची वॉर्डातली तपासणी मात्र शुद्धीचीच असते: डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेलं करतो का. 1974 पासून जगभर वापरात असलेली ग्लासगो मोजपट्टी हेच तीन प्रश्न विचारते आणि 3 ते 15 मध्ये गुण देते. ती बाहेरून दिसणारं मोजते. आतलं तिला दिसत नाही.

ते मला केटामाइनने शिकवलं. तालुक्याच्या दवाखान्यांत, भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगला हे औषध अजून खूप वापरतात, कारण त्यात श्वास सहसा बंद पडत नाही. पेशंट हाक मारली तर उत्तर देत नाही, जखम सोलली तरी हलत नाही. डोळे कधी उघडेच असतात. बाहेरून बघणारा म्हणेल, बेशुद्ध. पण उतरल्यावर ही माणसं सांगतात: मी छपराला लागून तरंगत होतो, बोगद्यातून चाललो होतो, माझी मेलेली बहीण भेटली. चुंबकाच्या ठोक्याची तीच चाचणी केटामाइनखाली केली तर आकडा जागेपणाइतका वर राहतो, आणि प्रोपोफॉलखाली खाली पडतो. दोन्ही पेशंट सारखेच गप्प, पण एकाच्या आत विणकाम चालू आहे. गप्प माणूस म्हणजे रिकामं घर, असं समजण्याची माझी सवय तिथे मोडली.

तुमच्या आईबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "मधलं काहीच आठवत नाही" आणि "मध्ये काहीच जाणवलं नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. भूलशास्त्रात एक जुनी पद्धत आहे. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे ते औषध त्या हातात उतरत नाही. मग भूल चढल्यावर पेशंटला सांगायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 260 जणांपैकी 12 जणांनी, घशात नळी घातल्यानंतर, हात दाबला. यातलं नंतर सहसा कुणाला काही आठवत नाही. घाबरू नका. ऑपरेशनच्या मधल्या गोष्टी नंतर खरोखर आठवणं फार विरळा. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत, 2014 साली, ते प्रमाण सुमारे 19,000 भुलींमागे एक असं निघालं. तुमच्या आईला रात्र गेल्याचं कळतं आणि भूल गेल्याचं कळत नाही, याचं कारणही इथेच आहे. झोपेत आपण स्वप्नं बघतो, कूस बदलताना क्षणभर जागे होतो, आणि त्याचे बारीक ठसे उरतात. चांगल्या भुलेत विणकामही सुटतं आणि ठसाही उमटत नाही.

आता मोबाइल.

2004 मध्ये जूलिओ टोनोनी या मेंदूशास्त्रज्ञांनी एक सिद्धांत मांडला: एखाद्या यंत्रणेत सगळ्या भागांनी मिळून जी माहिती बनते, ती भागांच्या सुट्या माहितीच्या बेरजेपेक्षा जितकी जास्त, तितकी तिथे जाणीव. या जास्तीच्या भागाला ते ग्रीक अक्षर फाय देतात. मास्सिमीनींची चाचणी याच विचारातून निघाली. या सिद्धांताप्रमाणे मोबाइलमध्ये जाणीव जवळजवळ नाही, कारण चिपमध्ये निरोप बहुतांशी एका दिशेने, लहान लहान तुकड्यांत जातात. त्याने कितीही हुशार उत्तर दिलं तरी फरक पडत नाही. याच्या उलट, बार्स आणि नंतर फ्रान्सचे देहान या अभ्यासकांचं म्हणणं आहे की एखादी माहिती मेंदूभर जाहीर झाली, म्हणजे बोलणं, आठवणं, ठरवणं या सगळ्या विभागांच्या हाती एकदम पडली, की तीच जाणीव. या मताने पुरेशा चांगल्या यंत्राची शक्यता अगदीच नाकारता येत नाही.

दोन्ही बाजूंनी एकत्र बसून, निकाल काय आला तर कोण हरलं हे आधी ठरवून, 256 जणांना चित्रं दाखवून प्रयोग केले. ते 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. टोनोनींच्या बाजूचं भाकीत होतं की मेंदूच्या मागच्या भागात पेशींचा मेळ चित्र दिसत असेपर्यंत टिकून राहील. तो तसा टिकलेला दिसला नाही. दुसऱ्या बाजूचं भाकीत होतं की चित्र नाहीसं होताना कपाळामागच्या भागात पुन्हा एक उसळी येईल. तीही नीटशी आली नाही. त्याआधी 2023 मध्ये शंभराहून जास्त अभ्यासकांनी टोनोनींच्या सिद्धांताला विज्ञानच म्हणू नये असं जाहीर पत्र काढलं होतं. मला ते पत्र अन्यायाचं वाटतं. ज्या विचारातून पेशंटच्या उशाशी वापरता येईल असं मोजमाप निघालं, त्याला फोल म्हणणं माझ्या हातून होणार नाही. पण त्याचं दुसरं टोकही मला पटत नाही. या सिद्धांताप्रमाणे काही साध्या, आपसात जोडलेल्या तारांच्या जाळीलाही कणभर जाणीव मानावी लागते. आणि खऱ्या मेंदूचा फाय मोजायचा म्हटला तर गणित इतकं फुगतं की कुठलाही संगणक ते करू शकत नाही.

म्हणून माझं मत असं, सर. बांधलेपण आणि वेगळेपण हे दोन्ही एकदम असल्याशिवाय जाणीव राहत नाही, हे मी रोज माझ्या हाताखाली बघते. ते असलं की आतून काहीतरी वाटायला का लागतं, सूत आणि गाठी यांतून कोयरी कुणाला दिसते, याचं उत्तर कुणाच्या हाती आलेलं नाही. पापणीला बोट लावताना तो प्रश्न मला अजून पडतो. मोबाइलमध्ये बांधलेपणच नाही, म्हणून त्याच्याबद्दल मी निश्चिंत आहे.

ज्यांच्याबद्दल मी निश्चिंत नसते ते अतिदक्षता विभागात असतात. 2006 मध्ये एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञांनी, अपघातानंतर काही महिने निपचित पडलेल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस असं मनात आण, आता घरात फिरतेयस असं आण. तिचा मेंदू निरोगी माणसासारखाच दोन वेगवेगळ्या जागी पेटला. 2024 च्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करू न शकणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांच्या मेंदूने अशी आज्ञा पाळली. चारात एक.

आमच्याकडे ते स्कॅनर सहज मिळत नाही, तरी बघण्यासारखं बरंच असतं. संकेश्वरजवळ हायवेवर बाइकवरून पडलेला निपाणीकडचा एक मुलगा एका दवाखान्यात तीन आठवडे होता. रोजच्या कागदावर लिहिलेलं असायचं, आज्ञा पाळत नाही. मला बोलावलं होतं दुसऱ्याच कामासाठी, नळी बदलायला. सिस्टर गोकाककडची, मायाळू. त्याच्या कानाशी वाकून म्हणत होती, "कण्ण तेगीरि, कण्ण तेगीरि." म्हणजे डोळे उघडा. मी आईला विचारलं, याला कन्नड कितपत येतं? ती म्हणाली, "बाजारापुरतं. घरात आम्ही मराठीच की." तीन आठवडे त्याची शुद्ध अशा भाषेत तपासली जात होती जी त्याला जागेपणीही अर्धीमुर्धीच कळायची. आमच्या या दोन भाषांच्या भागात हे कुणीही मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच ते सुटून जातं. मी मराठीत सांगून बघितलं. डोळे उघडले नाहीत, हात दाबला नाही.

मग मी त्याची पापणी बोटाने वर धरली आणि आईकडे आरसा मागितला. अशा तपासणीत पेनापेक्षा, टॉर्चपेक्षा आरसा चांगला. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर जाते. तिच्या पिशवीत कुंकवाच्या डबीबरोबरचा हाताएवढा आरसा होता, एका कोपऱ्याला तडा गेलेला. मी तो त्याच्या तोंडासमोर धरून हळूहळू डावीकडे नेला. बुबुळं आरशाबरोबर सरकली. उजवीकडे आणला, पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा राहिली, चौथ्यांदा परत आली. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तो पुढे किती सुधारेल हे मी तिला सांगू शकत नव्हते, आणि सांगितलंही नाही. कागदावर मी नवी ओळ लिहिली, सिस्टरला आरसा कसा फिरवायचा ते दाखवलं, आणि आईला म्हटलं, रोज याच वेळेला या, घरातल्यासारखं बोला त्याच्याशी, म्हशीचं, शेताचं, भावंडांचं, आणि हा आरसा विसरू नका.